विभागातील विद्यार्थी मंडळे : ठाणे-नवी मुंबईच्या संदर्भात पार्श्वभूमी

ठाणे-नवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणारा किंवा पीएच.डी. करणारा विद्यार्थी विभागात फारसा रेंगाळत नाही. बहुतेक जण घरून लोकलने येतात, अनेक जण कुठे ना कुठे घड्याळी तासिका तत्त्वावर (म्हणजे तासागणिक मानधनावर) शिकवत असतात, आणि तास किंवा मार्गदर्शकांची भेट आटोपली की पुढची गाडी गाठतात. एकाच विभागात वर्षानुवर्षे नाव असलेल्या दोघांची तोंडओळखही नसणे इथे नवलाचे नाही. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांचे मंडळ कशाच्या आधारावर उभे राहते, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

मुंबई परिसरात विद्यार्थ्यांचे संघटित व्यासपीठ विद्यापीठाहूनही जुने आहे. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील अध्यापक आणि विद्यार्थ्यांनी 1848 मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. दादाभाई नौरोजी तिच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. तिच्या मराठी आणि गुजराती शाखा ज्ञानप्रसारक म्हणून ओळखल्या गेल्या. सभेत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई, आणि ही चर्चा सभागृहातच थांबली नाही : 1849 मध्ये याच तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या आणि सुरुवातीला तिथे स्वतः विनावेतन शिकवले.

1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, परीक्षा घेण्यासाठी आणि पदव्या देण्यासाठी. त्याचे स्वतःचे अध्यापन विभाग फार उशिरा आले. समाजशास्त्र विभाग 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि 1924 पासून गो. स. घुर्ये यांनी तो सांभाळला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास यांनी घुर्यांकडे संशोधन केले. संशोधनाची ही परंपरा गुरू-शिष्य नात्यावर वाढली, आणि तिचे मोल मोठे आहे. पण या घडणीत विद्यार्थ्याचा धागा मार्गदर्शकाशी जितका घट्ट असतो, तितका शेजारच्या टेबलावरच्या संशोधकाशी नसतो; आजच्या विभागांतील एकटेपणाचे मूळ मला इथे दिसते.

दुसरा धागा प्रतिनिधित्वाचा आहे. महाविद्यालयीन निवडणुकांत हिंसाचार शिरला होता. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि 1994 च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. हिंसा थांबवण्याची गरज खरी होती. मात्र प्रतिनिधी विद्यार्थ्यांनी निवडलेला नसल्यामुळे महाविद्यालयाच्या विद्यार्थी परिषदेचे काम बरेचसे स्नेहसंमेलन आणि दिन साजरे करण्यापुरते उरले. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकांची तरतूद पुन्हा केली, पण प्रत्यक्ष निवडणुका लांबणीवर पडत राहिल्या. शिवाय या सगळ्या रचनेत पदवीचा विद्यार्थी डोळ्यांसमोर आहे. सिनॉप्सिस (संशोधनाचा संक्षिप्त आराखडा) अडकलेला, पाठ्यवृत्ती थकलेला संशोधक तिच्यात सहज बसत नाही.

संशोधक विद्यार्थी एकत्र येण्यास खरे निमित्त मिळाले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांमुळे, आणि याची दखल फारशी घेतली जात नाही. त्या नियमांनी पीएच.डी.साठी कोर्सवर्क, म्हणजे वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम, सक्तीचे केले. तोवर नोंदणी झालेला विद्यार्थी थेट आपल्या मार्गदर्शकांकडे जात असे. आता तो निदान एक सत्र इतरांसोबत वर्गात बसू लागला, आणि ‘आमची बॅच’ असे म्हणू लागला. प्रबंध सादर करण्यापूर्वी विभागात सादरीकरण करावे आणि ते शिक्षक व इतर संशोधकांना खुले असावे, हेही त्याच नियमांत आले. 2016 च्या नियमांनी दर सहा महिन्यांनी संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणे आवश्यक केले.

या सादरीकरणांच्या तयारीतूनच मंडळाचे सर्वांत उपयोगी काम जन्माला येते. समितीच्या आदल्या आठवड्यात रिकाम्या वर्गात चार-सहा जण जमतात. नवी मुलगी स्लाइड दाखवते, मागच्या बाकावरून कुणी विचारतो, “खाडीकाठची हीच गावं का घेतलीस?” ती अडखळते, तेव्हा प्रबंध सादर केलेली ताई सांगते, “हे सर विचारणारच. उत्तर आत्ताच लिहून ठेव.” मार्गदर्शकांपुढे विचारायला संकोच वाटणारे प्रश्नही (पेट या पीएच.डी. प्रवेश परीक्षेचा निकाल, कागदपत्रे, साहित्यचौर्य तपासणीचा अहवाल कुठून घ्यायचा) इथे सहज सुटतात. वार्षिक कार्यक्रमाच्या बॅनरपेक्षा अशा एका दुपारीचे महत्त्व मी अधिक मानतो.

ठाण्यात याला आणखी एक अडचण आहे. मुंबई विद्यापीठाचे मुख्य विभाग कालिना येथे आहेत; बाळकुमला उपपरिसर असला, तरी इथले पुष्कळसे संशोधन महाविद्यालयांतील मान्यताप्राप्त केंद्रांत चालते. प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी, अशी आयोगाची कमाल मर्यादा आहे. एखाद-दोन मार्गदर्शकांच्या केंद्रात त्यामुळे मंडळापुरती माणसेच नसतात. 2004 मध्ये ठाणे-वाशी रेल्वे प्रवाशांसाठी सुरू झाल्यावर नेरूळ-बेलापूरच्या विद्यार्थ्याचा कुर्ल्याचा वळसा वाचला, आणि खाडीच्या दोन्ही बाजूंच्या केंद्रांना एकत्र बसणे तरी शक्य झाले. एका विषयाच्या शेजारी केंद्रांचे सामाईक मंडळ हाच इथे व्यवहार्य मार्ग आहे.

पाठ्यवृत्तीच्या प्रश्नाने अशी एकी अधिक निकडीची केली. कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती 2019 मध्ये दरमहा 31,000 आणि 2023 मध्ये 37,000 रुपये झाली. 2019 च्या वाढीआधी देशभर संशोधकांनी आंदोलने केली होती. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पाठ्यवृत्तीसाठीही विद्यार्थ्यांना आंदोलने करावी लागली.

मंडळ टिकण्याचा प्रश्न उरतो. एम.ए., एम.एस्सी.चा विद्यार्थी दोन वर्षांत जातो. काम हाती येईपर्यंत त्याची शेवटची परीक्षा आलेली असते. पीएच.डी.साठी मात्र 2022 च्या नियमांनुसार किमान तीन आणि सर्वसाधारणपणे सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, म्हणजे जुन्या आणि नव्या तुकड्या विभागात एकाच वेळी असतात. सूत्रे संशोधकांकडे आणि सभासदत्व एम.ए., एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनाही खुले, अशी रचना केली, तर संपर्काची वही, जुन्या सिनॉप्सिसची फाइल आणि सरावाचे वेळापत्रक दरवर्षी नव्याने जमवावे लागत नाही.