उद्यानं, पर्यटन आणि क्रीडासंस्थांचं आर्थिक व्यवस्थापन: प्रवेशअर्ज नेमका कुठे अडतो

फॉर्म, फोटो, ओळखपत्र, शुल्क यांत सहसा कुणी अडत नाही. या विषयाच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी कुठल्याही शाखेची पदवी चालते. खेळ किंवा पर्यटन शिकलेल्यांचे अर्ज परत येतात ते 'लेखाशास्त्राची पूर्वतयारी' या एका ओळीमुळे.

अनेकांनी ताळेबंद, रोख प्रवाह, अंदाजपत्रक हे सगळं पदवीत शिकलेलं असतं. पण गुणपत्रिकेवर त्या पेपरचं नाव असतं 'व्यवस्थापनाची मूलतत्त्वे', आणि छाननी करणाऱ्याला त्यावरून काहीच कळत नाही. मग मागितला जातो तो तुम्ही शिकलात त्या वर्षीचा अभ्यासक्रम, विभागाच्या शिक्क्यासह. हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो. संकेतस्थळावरचा आजचा अभ्यासक्रम जोडू नका. वर्ष जुळत नाही म्हणून तो बाजूला ठेवला जातो. विभागाकडे आजच लेखी मागणी करा, कारण जुनी दफ्तरं काढायला आठवडे जातात. हा विषय शिकलाच नसाल, तर लेखाशास्त्राचा छोटा पायाभूत कोर्स चालेल का, हे अर्जाआधीच विचारून घ्या.

दुसरी अडचण अनुभवाच्या दाखल्याची. 'काम समाधानकारक, वर्तणूक चांगली' एवढ्यावर काही होत नाही. तुमच्या हातून कोणता पैसा गेला, ते दाखल्यात हवं: तिकीटविक्रीचा रोजचा ताळमेळ, तलावाच्या देखभालीचा वार्षिक खर्च, स्पर्धेचं प्रायोजकत्व. कारण इथला हिशेब दुकानासारखा नसतो. पर्यटनस्थळाची कमाई हंगामात होते, पगार मात्र बारा महिने द्यावे लागतात. क्रीडासंकुल बांधायला भांडवली निधी एकदा मिळतो, ते चालवायचा खर्च दरवर्षी उभा राहतो. ठरावीक कामासाठी आलेलं अनुदान दुसरीकडे वळवता येत नाही. सार्वजनिक उद्यानाचा किती खर्च प्रवेशशुल्कातून काढायचा आणि किती करातून, हा तर धोरणाचाच प्रश्न. यातलं एक जरी तुम्ही प्रत्यक्ष हाताळलं असेल, तर उद्देशपत्रात (हा कोर्स का करायचा, हे सांगणाऱ्या पत्रात) तेच लिहा. 'मला खेळाची आवड आहे' हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं.

क्लबमध्ये विनामानधन काम केलेल्यांकडे पगारपत्रक नसतं, म्हणून ते अनुभवाचा रकाना रिकामा सोडतात. कृपया असं करू नका. खजिनदाराकडून तारखा, तास आणि जबाबदारी लिहिलेलं सहीचं पत्र घ्या. ते ग्राह्य धरतात का, हे कार्यालयाला मेलवर विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

परदेशी जाणार असाल, तर मान्यता पाहून घ्या: अमेरिकेत उद्यान-मनोरंजन-पर्यटनाच्या पदव्यांसाठी सीओएपीआरटी ही मान्यता देणारी परिषद आहे, पर्यटनशिक्षणासाठी यूएन टुरिझमचं (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटनसंस्थेचं) टेडक्वाल हे गुणवत्ता-प्रमाणपत्र. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण 2 वर्षंच धरले जातात. ही 2 वर्षं अर्जाच्या दिवशी मोजतात की सत्र सुरू होताना, हे संस्थेगणिक बदलतं, आणि माहितीपत्रकं ते इतक्या बारीक अक्षरात छापतात की वाचणाऱ्याची चूक म्हणवत नाही.

मुदतीचंही तसंच. शिष्यवृत्तीची तारीख बऱ्याचदा प्रवेशाच्या तारखेआधी संपते. अंतिम वेळ संस्थेच्या घड्याळाप्रमाणे असते, तुमच्या नाही. शिवाय अनेक ठिकाणी शिफारसपत्रंही त्याच मुदतीत पोहोचावी लागतात. शिफारस देणाऱ्या सरांना किंवा मॅडमना खरी तारीख सांगू नका, त्याच्या दहा दिवस आधीची सांगा.