सार्वजनिक संगणकावरील ऑनलाइन खरेदीची सुरक्षितता

सायबर कॅफे, ग्रंथालय, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, हॉटेल किंवा झेरॉक्सचे दुकान अशा ठिकाणी अनेकांच्या वापरात असलेल्या संगणकावरून वस्तू मागवताना, तिकीट काढताना किंवा शुल्क भरताना वापरकर्त्याचे पैसे, खाती आणि ओळख कितपत सुरक्षित राहतात, याचा विचार या विषयात होतो. संकेतस्थळ खरे असले, ब्राउझरमध्ये कुलपाची खूण दिसत असली, तरी ज्या यंत्रावर आपण पासवर्ड टाइप करतो ते यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न उरतोच. कुलपाची खूण एवढेच सांगते की ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण कूटबद्ध, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात, आहे. कळफलकापासून ब्राउझरपर्यंतच्या वाटेत कोणी बसले आहे काय, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

स्मार्टफोन हाती आल्यापासून केवळ खरेदीसाठी कॅफेत जाण्याचे प्रमाण घटले, परंतु सार्वजनिक संगणकावरून पैसे भरण्याचा व्यवहार थांबलेला नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी नागपुरात खोली करून राहणाऱ्या मुलामुलींना छायाचित्र आणि सही ठरावीक आकारात अपलोड करायची असते, अर्ज छापून घ्यायचा असतो आणि लहान पडद्यावर हे सारे जिकिरीचे होते; म्हणून सीताबर्डी, महाल, मेडिकल चौक अशा भागांत ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ असा फलक लावलेले दुकान गाठले जाते आणि परीक्षेचे शुल्कही तिथेच भरले जाते. रेल्वेचे तिकीट किंवा एखादे पुस्तक त्याच बैठकीत मागवले जाणे ओघानेच आले.

अशा दुकानात ग्राहक बहुधा संगणकाला हातही लावत नाही. काउंटरपलीकडे बसलेला ऑपरेटर टाइप करत असतो, डेबिट कार्ड आकड्यांची बाजू वर करून काचेवर ठेवलेले असते, मागे रांगेत उभी असलेली माणसे ते सहज वाचू शकतात आणि ‘ओटीपी आला का, सांगा’ असे विचारल्यावर सहा आकडे मोठ्याने सांगितले जातात. काही ठिकाणी अर्जाचा पासवर्ड ऑपरेटरच ठरवतो आणि पुढे उपयोगी पडेल म्हणून वहीत लिहून ठेवतो. बहुसंख्य दुकानदार सचोटीने काम करतात आणि इंटरनेटशी फारसा परिचय नसलेल्या माणसाला त्यांचा मोठा आधार असतो, हे निर्विवाद आहे. तथापि सार्वजनिक संगणकाच्या धोक्यांची चर्चा हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपुरतीच होते आणि काउंटरवर उघडपणे घडणाऱ्या या व्यवहाराकडे दुर्लक्ष होते, ही या चर्चेतली मोठी उणीव म्हटली पाहिजे.

यंत्राकडून होणाऱ्या चोरीचे प्रमुख साधन म्हणजे कीलॉगर, म्हणजेच दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम किंवा उपकरण. उपकरणाच्या रूपातला कीलॉगर अंगठ्याच्या पेराएवढा असतो. तो कीबोर्डची वायर आणि संगणकाचे पोर्ट यांच्यामध्ये बसवला जातो आणि संगणक टेबलाखाली असल्याने तो सहसा नजरेस पडत नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील झेरॉक्स-छपाईच्या दुकानांमधील संगणकांवर असा प्रोग्रॅम बसवून एका तरुणाने ४५० हून अधिक लोकांची खात्याची नावे आणि पासवर्ड गोळा केले होते. २००३ मध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. जुलै २०१४ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने हॉटेलांच्या बिझनेस सेंटरमधील, म्हणजे पाहुण्यांच्या वापरासाठी ठेवलेल्या, संगणकांवर असाच धोका असल्याचा इशारा दिला. पडद्यावरचा कीबोर्ड माउसने वापरला तर उपकरणरूपी कीलॉगरला चकवता येते, पण पडद्याची छायाचित्रे टिपणाऱ्या प्रोग्रॅमपुढे त्याचा उपयोग नाही.

याहून साधी आणि अधिक वेळा घडणारी गोष्ट म्हणजे साइन आउट न करता उठणे. साइन इन केल्यावर संकेतस्थळ ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे वापरकर्त्याची ओळख लक्षात ठेवणारी छोटी नोंद, ठेवते आणि खिडकी बंद केल्यावरही ती बऱ्याचदा टिकून राहते, त्यामुळे नंतर बसणाऱ्याला तेच खाते उघडे मिळते. छपाईसाठी उघडलेले व्हॉट्सॲप वेब आणि डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहिलेली आधार कार्डाची पीडीएफ यांचीही हीच गत होते. इनकॉग्निटो (ब्राउझरची खासगी) खिडकी बंद केली की कुकी आणि भेटींचा इतिहास पुसला जातो, पण डाउनलोड केलेली फाइल राहते आणि कीलॉगरवर तर तिचा काहीच परिणाम होत नाही.

भारतात कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सक्तीची केली. आज ती बहुधा ओटीपीच्या रूपात होते. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण क्रमांक साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे कार्डाच्या क्रमांकाच्या जागी दिलेला पर्यायी संकेतांक, वापरावे लागते. त्यामुळे खाते परक्याच्या हाती पडले तरी त्यातून कार्डाचा पूर्ण क्रमांक मिळत नाही. मात्र घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक आणि वॉलेटमधली शिल्लक उघडी पडते. परदेशी संकेतस्थळांवर ओटीपीविनाही व्यवहार होऊ शकत असल्याने, बँकेच्या ॲपमधून कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवणे हा मोलाचा बंदोबस्त ठरतो.

सायबर कॅफेंसाठी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये नियम केले. ओळखपत्र पाहिल्याशिवाय संगणक वापरू देऊ नये, वापराच्या नोंदी किमान एक वर्ष जपाव्यात, कप्प्यांच्या आडभिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात आणि कप्प्यांबाहेरील संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून असावेत, असे हे नियम सांगतात. गैरवापराला आळा घालण्यासाठी पडदा सर्वांना दिसेल असा ठेवायचा, तर पैसे भरणाऱ्याचा आडोसाही त्याबरोबर जातो. एका सुरक्षेसाठी दुसरी थोडी सैल सोडावी लागते.

पैसे भरणे अटळच असेल तर आज उपलब्ध असलेला सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पडद्यावरचा क्यूआर कोड स्वतःच्या फोनमधील यूपीआय ॲपने स्कॅन करणे. यात पिन फोनवरच टाकला जातो, सार्वजनिक कीबोर्डवर गुप्त असे काही टाइप करावेच लागत नाही. तरीही पिन टाकण्यापूर्वी फोनवर दिसणारे नाव आणि रक्कम तपासणे आवश्यक असते, कारण बिघडवलेल्या संगणकावर कोड बदलला जाऊ शकतो. ऑपरेटरकडून अर्ज भरून घेतला तरी शुल्काचा टप्पा आपल्या फोनवरून पूर्ण करता येतो, आणि चांगले दुकानदार स्वतःहून तसे सुचवतात.

फसवणूक झाल्यास नुकसान कोणी सोसायचे, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणात व्यवहार झाल्याची बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच दायित्व येत नाही, आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो. मात्र ग्राहकाने स्वतः गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते. काउंटरवर सांगितलेला ओटीपी अशा वेळी नडतो. तक्रार १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर विनाविलंब नोंदवल्यास पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी गोठवण्याची शक्यता वाढते. नागपूर शहर पोलिसांचे स्वतंत्र सायबर पोलीस ठाणेही आहे. तक्रारीत दुकानाचे ठिकाण, संगणकाचा क्रमांक आणि बसण्याची वेळ नमूद केली, तर कॅफेने वर्षभर जपलेल्या नोंदींशी ती पडताळून पाहता येते.