टाइल्स बसवल्या की बाथरूम गळत नाही?

‘चांगल्या टाइल्स लावा, सांधे भरा, वॉटरप्रूफिंगचा खर्च वाचवा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. टाइल पाणी अडवते, पण सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट (सांधे भरायचं मिश्रण) पाणी शोषतं. इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट शोषत नाही हे खरं. तरी भिंत-फरशीचा कोपरा हलतो आणि तिथे बारीक चीर पडतेच.

पाणी अडवायचं काम टाइल्सखालच्या थराचं. कोपऱ्यांत सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई करून जाळीची पट्टी लावा. मग वॉटरप्रूफिंग कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर किमान 300 मिमी, शॉवरपाशी 1.8 मीटरपर्यंत. घात होतो तो बहुतेकदा नहाणी ट्रॅपभोवती (फरशीतलं पाणी वाहून नेणारं तोंड): पाइप आणि काँक्रीटमधली फट नुसत्या सिमेंटने बुजवतात, ते आकसतं आणि सुटतं. तिथे न आकसणारं ग्राउटच हवं.

कोटिंग पूर्ण वाळल्यावर ट्रॅप बंद करून 25 ते 50 मिमी पाणी 48 तास साठवा आणि खालच्या मजल्याचं छत ओलं होतंय का बघा. कंत्राटदार घाई करेल, करू द्या, तुम्ही 48 तास थांबाच. फरशीच्या ट्रॅपकडच्या उताराला मीटरमागे 10 ते 12 मिमी पुरतात.