बोरीची राख आणि टोबाचा ज्वालामुखी

जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा एक फिकट थर आहे. सह्याद्रीच मुळात लाव्हाचा, म्हणून ती राखही इथलीच वाटेल. पण दख्खनचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. ही राख त्यामानाने कालपरवाची. ती उडत आली 3,000 किलोमीटरहून दूर, सुमात्रा बेटावरच्या टोबातून.

टोबाला आज डोंगराचं टोक नाही. तिथे सुमारे 100 किलोमीटर लांब आणि 30 किलोमीटर रुंद सरोवर पसरलं आहे. जमिनीखालचा शिलारस प्रचंड प्रमाणात बाहेर पडला की वरचं छत निराधार होऊन खचतं आणि उरतो तो अजस्र खळगा, म्हणजे काल्डेरा. सुमात्राच्या पश्चिमेला समुद्रतळाचा भूपट्ट बेटाखाली सरकतो आहे, त्यामुळे इथे शिलारस तयार होतच राहतो.

म्हणूनच टोबा एकदा फुटून थांबला नाही. 12 लाख, 8 लाख आणि 5 लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराला तो फुटला, आणि शेवटचा महास्फोट झाला सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी. त्यात अंदाजे 2,800 घन किलोमीटर शिलारस बाहेर पडला. 1991 मध्ये फिलिपिन्सच्या पिनातुबोने जगाचं तापमान जवळपास अर्ध्या अंशाने उतरवलं, तेव्हा त्यातून निघालेला शिलारस जेमतेम 5 घन किलोमीटर होता.

बोरीची राख यातल्या कोणत्या स्फोटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काहींच्या मते 74 हजार वर्षांपूर्वीची, तर काही मोजमापं 8 लाखांच्या आसपास जातात. हा वाद क्षुल्लक नाही. तिथेच अश्युलियन, म्हणजे आदिमानवाच्या हातकुऱ्हाडींच्या घडणीची, दगडी हत्यारं सापडली आहेत. राखेचं वय बदललं की महाराष्ट्रातल्या आदिमानवाचं वयही बदलतं!

त्या शेवटच्या स्फोटाने माणूस जवळपास संपला होता, असं एक मत 1990 च्या दशकात गाजलं. आंध्रातल्या ज्वालापुरमला मात्र राखेच्या खाली आणि वर सारख्याच धाटणीची हत्यारं निघाली, म्हणजे तिथली माणसं स्फोटानंतरही तगली असावीत. माझ्या मते हा पुरावा वजनदार आहे.

स्फोटानंतर खालून पुन्हा रेटा आला आणि खचलेला तळ वर उचलला गेला. सरोवरातलं सामोसिर बेट ते हेच. बेटावर आज शेती आहे, गावं आहेत, आणि पायाखाली जुन्या सरोवराचा गाळ, आताच्या पाण्याहून शेकडो मीटर उंचावर.