पार्श्वभूमी : ‘९० मीटर’ म्हणजे नेमका कोणता उतार? ऑलिंपिकमधली पुरुषांची स्की जंपिंग

११ फेब्रुवारी १९७२. साप्पोरोच्या ओकुरायामा उतारावर पोलंडच्या १९ वर्षांच्या मुलाने पहिल्या फेरीत १११ मीटरची उडी मारली. दुसऱ्या फेरीत तो ८७.५ मीटरवरच उतरला, पण पहिल्या उडीची कमाई एवढी मोठी होती की ०.१ गुणाने का होईना, सुवर्णपदक त्यालाच मिळालं. या स्पर्धेचं अधिकृत नाव होतं ‘९० मीटर’.

९० मीटरच्या स्पर्धेत १११ मीटर उडी कशी? जुने निकाल चाळणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे अडतो. त्यात भर म्हणजे १९९२ नंतरच्या निकालांतही ‘९० मीटर’ सापडतं आणि तिथे त्याचा अर्थ वेगळाच असतो. पुरुषांच्या स्की जंपिंगचा ऑलिंपिकमधला इतिहास समजून घ्यायचा तर आधी या आकड्यांचा गुंता सोडवावा लागतो, म्हणून या टिपणात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

सुरुवातीच्या काळात गुंता नव्हता, कारण स्पर्धाच एक होती. १९२४ च्या शामोनीपासून १९६० च्या स्क्वॉ व्हॅलीपर्यंत प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये एकच उतार, एकच पदकसंच. १९२४ ते १९५२ या काळातली सगळी सहा सुवर्णपदकं नॉर्वेला गेली. शामोनीच्या कांस्यपदकात बेरजेची चूक होती. ती पन्नास वर्षांनी, १९७४ मध्ये उघडकीला आली आणि पदक नॉर्वेच्या दिवंगत खेळाडूच्या मुलीच्या हातून अमेरिकेच्या वृद्ध खेळाडूकडे गेलं. या अमेरिकी खेळाडूचा जन्मही नॉर्वेतलाच होता. १९५६ मध्ये कोर्तिनाला फिनलंडच्या दोघांनी पहिले दोन क्रमांक पटकावले आणि नॉर्वेची मक्तेदारी संपली. फिनिश खेळाडू हात पुढे न फिरवता अंगालगत ठेवून हवेत झेपावत होते. पुढच्याच खेपेला, १९६० मध्ये, जर्मन खेळाडू जिंकला आणि सुवर्ण पहिल्यांदाच नॉर्डिक देशांबाहेर गेलं.

१९६४ मध्ये इन्सब्रुकला एकाच्या दोन स्पर्धा झाल्या. लहान उताराची स्पर्धा, म्हणजे नॉर्मल हिल, सीफेल्डला होती आणि मोठ्या उताराची, म्हणजे लार्ज हिल, बर्गिझेलला. त्या वर्षी तीन उड्या मारायच्या आणि त्यांतल्या उत्तम दोन धरायच्या, असा नियम होता. पहिली उडी फसलेला फिनलंडचा खेळाडू त्यामुळेच सीफेल्डला सुवर्ण जिंकू शकला. चार वर्षांनी हा नियम गेला आणि दोन्ही उड्या मोजण्याची पद्धत परत आली. दोन उतार मात्र कायम राहिले, आणि त्यांना ओळखायला आकडे चिकटले : १९६४ ला ७० आणि ८०, १९६८ पासून ७० आणि ९०.

हे आकडे कशाचे? अनेकांना ती उंची वाटते. ती उंची नाही. स्की जंपिंगमध्ये अंतर मोजतात ते टेक-ऑफच्या, म्हणजे उडी जिथून सुटते त्या, कडेपासून खाली, उताराच्या पृष्ठभागावरून, अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या हिशेबाने. उताराचं माप म्हणजे तो साधारण किती लांबीच्या उडीसाठी बांधला आहे, याचा अंदाज. या मापाची मुख्य खूण म्हणजे के-पॉइंट. ‘के’ मागचा शब्द जर्मन आहे. कुणी तो ‘बांधणीचा बिंदू’ असा वाचतं, कुणी ‘धोक्याचा बिंदू’ असा. दोन्ही अर्थांत तथ्य आहे, कारण या खुणेच्या पुढे उतार हळूहळू सपाट होऊ लागतो आणि उतरताना गुडघ्यांवर येणारा भार वाढतो. गुणांचा हिशेबही इथूनच सुरू होतो. के-पॉइंटवर उतरलं की अंतराचे ६० गुण. त्यापुढच्या किंवा अलीकडच्या प्रत्येक मीटरला नॉर्मल हिलवर २ गुण आणि लार्ज हिलवर १.८ गुण वाढतात किंवा कमी होतात. शैलीसाठी पाच पंच प्रत्येकी २० पैकी गुण देतात. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेले तीन धरले जातात.

आता खरी अडचण. ‘७० मीटर’ आणि ‘९० मीटर’ ही नावं पुढे पुढे के-पॉइंटशी जुळतच नव्हती. १९७२ मध्ये साप्पोरोच्या ‘७० मीटर’ उताराचा, म्हणजे मियानोमोरीचा, के-पॉइंट ८६ मीटरवर होता आणि ‘९० मीटर’च्या ओकुरायामाचा ११० वर. त्या १११ मीटरच्या उडीचं कोडं इथे सुटतं. उडी मोठी होतीच, पण के-पॉइंटच्या फक्त एक मीटर पुढे. १९८४ मध्ये सारायेव्होजवळच्या इग्मन डोंगरावर तर ‘७० मीटर’ उताराचा के-पॉइंट चक्क ९० होता. १९८८ च्या कॅल्गरीत तो ८९ होता, आणि ‘९० मीटर’वाल्याचा ११४. त्या वर्षी दोन्ही वैयक्तिक सुवर्णं जिंकणाऱ्या फिनिश खेळाडूने ‘७० मीटर’वर दोन्ही फेऱ्यांत ८९.५ मीटर उडी मारली. उतार मोठे होत गेले, नावं जुनीच राहिली. आकडा मोजमापाचा राहिला नव्हता, वर्गाचं नाव झाला होता.

मग १९९२ मध्ये अल्बर्टव्हिलला नावं बदलली आणि के-पॉइंटवरून ठेवली गेली. कुर्शवेलच्या उतारांपैकी नॉर्मल हिल ‘९० मीटर’ झाली आणि लार्ज हिल ‘१२० मीटर’. निर्णय योग्यच होता, कारण आकडा आणि उतार जुळले. पण निवडलेला आकडा दुर्दैवी ठरला. १९८८ पर्यंत ‘९० मीटर’ म्हणजे मोठा उतार, १९९२ पासून ‘९० मीटर’ म्हणजे लहान उतार. विजेत्यांच्या याद्या आकड्यावरून लावल्या की कॅल्गरीचा मोठ्या उतारावरचा विजेता आणि अल्बर्टव्हिलचा नॉर्मल हिलचा विजेता एकाच रांगेत बसतात. ती रांग चुकीची आहे. अशा याद्या आजही सर्रास दिसतात आणि त्यांच्यावरून ‘सलग विजय’, ‘विजेतेपद राखलं’ असे निष्कर्षही काढले जातात. माझ्या मते जुने निकाल सांगताना आकडा अजिबात वापरू नये. नॉर्मल हिल आणि लार्ज हिल, एवढंच लिहावं.

गुंता इथेही संपला नाही. २००४ मध्ये हिल साइझ (एचएस) हे नवं माप आलं. के-पॉइंटच्या बरंच पुढे, जिथे सुरक्षितपणे उतरण्याचा पट्टा संपतो, तिथली ही खूण. २००६ च्या प्रागेलातोपासून पाट्यांवर ‘एचएस १०६’ आणि ‘एचएस १४०’ झळकू लागले. त्या उतारांचे के-पॉइंट ९५ आणि १२५ होते. म्हणजे १९९२ पासूनच्या चौदा वर्षांत नॉर्मल हिल ९० वरून १०६ झाली असं पाटी पाहून वाटेल, पण त्यातली बहुतेक वाढ खूण बदलल्यामुळे दिसते. प्रत्यक्षात १९८४ च्या इग्मनवर ९० असलेला के-पॉइंट २०१८ च्या प्योंगचांगमध्ये ९८ झाला. ३४ वर्षांत आठ मीटर. लार्ज हिलची वाढ त्याहून मोठी आहे : ११२ वरून १२५.

‘नॉर्मल’ या विशेषणानेही नुकसान केलं आहे. त्याचं भाषांतर कधी ‘सामान्य’ होतं, कधी ‘छोटी टेकडी’, आणि वाचणाऱ्याला ही दुय्यम दर्जाची, सरावाची स्पर्धा वाटते. १९३० च्या दशकात या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना फार मोठ्या उतारांच्या विरोधात होती. प्लानिकाला १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या एका तरुणाने जगात पहिल्यांदा १०० मीटरच्या पुढे उडी मारली, तेव्हाही अशा उड्यांना अधिकृत खेळ मानायला तिची तयारी नव्हती. मान्य, प्रमाणभूत मापाचा उतार हाच तेव्हा खरा उतार होता. ‘नॉर्मल’ हा शब्द त्या अर्थाने वाचला तर त्यात कमीपणा राहत नाही.

खेळाडू आणि प्रशिक्षक बोलतात तेव्हाही हेच जाणवतं. लार्ज हिलवर हवेत वेळ जास्त मिळतो. टेक-ऑफला पाय किंचित उशिरा ताणले गेले तरी उड्डाण चांगलं असणारा खेळाडू पुढे चूक भरून काढू शकतो. नॉर्मल हिलवर तेवढा अवकाश नसतो. टेक-ऑफच्या कडेवर चूक झाली की उडी तिथेच संपली. वर्ल्ड कपमध्ये पुरुषांच्या स्पर्धा आता जवळजवळ सगळ्या मोठ्या उतारांवर होतात. त्यामुळे हंगामभर आघाडीवर असलेले खेळाडू ऑलिंपिकच्या नॉर्मल हिलवर अनोळखी ठिकाणी आल्यासारखे दिसतात आणि निकालांत उलथापालथ होते. मला तरी ऑलिंपिकचं हे वेगळेपण फार मोलाचं वाटतं.

मधल्या काळातला सर्वांत मोठा बदल उड्डाणाच्या शैलीत झाला. स्वीडनच्या एका खेळाडूने स्की समांतर न ठेवता पुढची टोकं फाकवून व्हीचा आकार केला. त्यामुळे शरीराखाली जास्त हवा मिळाली आणि अंतर वाढलं. पंच त्याचे शैलीगुण कापत राहिले, तरी त्याने १९८८-८९ चा वर्ल्ड कप जिंकला. अल्बर्टव्हिलला १६ वर्षांचा फिनिश मुलगा व्ही-शैलीने लार्ज हिलचं सुवर्ण घेऊन गेला आणि समांतर शैलीचे दिवस संपले. या संक्रमणातून गेलेला एक जर्मन खेळाडू मात्र वेगळाच. १९८४ मध्ये त्याने समांतर शैलीने इग्मनची नॉर्मल हिल जिंकली होती. मधली काही वर्षं त्याला नवी शैली अंगवळणी पाडायला लागली आणि १९९४ मध्ये लिलहामरला त्याने व्ही-शैलीने लार्ज हिल जिंकली. दोन काळ, दोन शैली, दोन उतार आणि दोन सुवर्णं. त्याची कामगिरी याद्यांमध्ये ‘७० मीटर’ आणि ‘१२० मीटर’ अशी लिहिलेली असते, आणि तो एकच माणूस होता हे सहज लक्षातही येत नाही.

सांघिक स्पर्धा १९८८ पासून आहे. तिचा उल्लेख एका प्रसंगासाठी करावाच लागेल. १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हाकुबाला बर्फाचं वादळ होतं आणि दुसरी फेरी रद्द होण्याची वेळ आली होती. उतार सुरक्षित आहे हे दाखवण्यासाठी २५ चाचणी खेळाडूंनी त्याच वादळात उड्या मारल्या. फेरी झाली आणि चौथ्या क्रमांकावर असलेल्या जपानने सुवर्ण जिंकलं. पहिल्या फेरीत ७९.५ मीटरवरच उतरलेला जपानी खेळाडू दुसरीत १३७ मीटर गेला.

वाऱ्याचा प्रश्न मात्र असल्या धैर्याने सुटत नाही. समोरचा वारा खेळाडूला उचलतो, पाठचा वारा खाली दाबतो, आणि एकाच फेरीत दोघांना दोन वेगळे वारे मिळू शकतात. पूर्वी परिस्थिती फारच बदलली तर फेरी थांबवून पुन्हा घ्यावी लागे. २००९ पासून वाऱ्यासाठी आणि सुरुवातीचं गेट (खेळाडू जिथून घसरायला लागतो ती जागा) वर-खाली केल्याबद्दल गुण कमी-जास्त करण्याची पद्धत आली. ऑलिंपिकमध्ये ती पहिल्यांदा २०१४ ला सोचीत वापरली गेली. लांब उडी मारणारा आता मागे पडू शकतो, आणि नुसत्या डोळ्यांनी निकाल कळत नाही अशी तक्रार होते. तक्रार खोटी नाही. पण २०१८ ची नॉर्मल हिल आठवा. प्योंगचांगला वारा इतका फिरत होता की स्पर्धा मध्यरात्र उलटून गेल्यावर संपली, खेळाडू वर कडाक्याच्या थंडीत आपल्या पाळीची वाट पाहत उभे होते, आणि पहिल्या फेरीनंतर पहिल्या दोन जागांवर असलेले पोलिश खेळाडू शेवटी पदकाविना राहिले. भरपाई असतानाही अशी रात्र झाली. ती नसती तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही.

साधनांवरचे वादही अलीकडे वाढले. २०१० च्या व्हँकूवर ऑलिंपिकमध्ये दोन्ही वैयक्तिक सुवर्णं जिंकणाऱ्या स्विस खेळाडूच्या बाइंडिंगमधली (बूट स्कीला जोडणाऱ्या बांधणीतली) वाकडी दांडी प्रतिस्पर्धी संघाला खटकली. ती हवेत स्की अधिक सपाट ठेवायला मदत करत होती. तपासनिसांनी तिला परवानगी दिली, आणि पुढे बाकीच्यांनीही तशीच बांधणी घेतली. पोशाखाचं प्रकरण याहून गंभीर आहे, कारण सैल किंवा ताठ कापड म्हणजे थेट जास्त उचल. २०२५ मध्ये ट्रॉनहाइमच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत यजमान संघाच्या पोशाखांत मुद्दाम केलेली नियमबाह्य शिवण सापडली. त्यानंतर तपासणी बरीच कडक झाली.

६ फेब्रुवारी १९७२ रोजी मियानोमोरीच्या नॉर्मल हिलवर पहिल्या तिन्ही जागा जपानी खेळाडूंनी घेतल्या होत्या. जपानचं ते हिवाळी ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. विजेता पाच दिवसांनी लार्ज हिलवर सातवा आला. त्यानंतर नॉर्मल हिलचं सुवर्ण जपानला मिळालं ते २०२२ मध्ये, चांगजियाकोऊला, आणि तारीख होती ६ फेब्रुवारीच. बरोबर ५० वर्षं. ही गोष्ट ‘७० मीटर’च्या यादीत शोधली तर सापडत नाही, ‘९० मीटर’च्या यादीतही नाही. नॉर्मल हिलच्या यादीतच सापडते.

२०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकसाठी प्रेदाझोचे उतार नव्याने बांधले गेले. पुरुषांच्या दोन्ही वैयक्तिक स्पर्धा कायम राहिल्या. चार जणांच्या सांघिक स्पर्धेची जागा दोन जणांच्या सुपर टीमने घेतली. २०१४ पासून फक्त नॉर्मल हिलवर खेळणाऱ्या महिलांसाठी पहिल्यांदाच लार्ज हिलची वैयक्तिक स्पर्धा ठेवली गेली.