मानशीच्या आतली शेती आणि सेंद्रिय प्रमाणपत्र

गोव्यातल्या खाजनाचं, म्हणजे नदीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीचं, पाणी कधीच एकट्याचं नव्हतं. बांध घालून नदीचं खारं पाणी अडवायचं, भरती-ओहोटी पाहून मानशीची (मानस म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडायची झडप) दारं चालवायची, पावसानं खार धुऊन नेला की कोरगुट हा खार सोसणारा भात पेरायचा. हा कारभार गावकरीचा, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या कोमुनिदादचा. शेतात शेण, राख, पाला, आणि माडाच्या आळ्यात सुकी मासळी. सेंद्रिय शेती म्हणून वेगळं काही सांगायची वेळच आली नव्हती.

मुक्तीनंतर घडी बदलली. १९६४ च्या कूळ कायद्यानं कसणाऱ्याला संरक्षण मिळालं, बांध-मानशींचं काम कूळसंघांकडे आलं. १९७३ मध्ये झुआरीनगरचा खत कारखाना सुरू झाला. जया, ज्योती या भाताच्या सुधारित जाती रुजल्या. उंच वाढणारा कोरगुट नत्र जास्त झालं की लोळतो. जया हेक्टरी १०० किलो नत्रावरही उभी राहते. खताबरोबर बियाणंही बदललं होतं, आणि सेंद्रियकडे परत फिरताना अडतं ते इथेच. चांगल्या शेणखताच्या टनात नत्र साधारण ५ किलो. १० टन टाकलं तर कागदावर ५० किलो, त्यातलं पहिल्या हंगामात पिकाला निम्म्याहून कमी लागू पडतं. धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक ४५ दिवसांनी गाडलं तर तूट बरीच भरून निघते, पण सरद, म्हणजे पावसाळी, पिकाआधी तेवढे दिवस काढायचे कुठून? गोठेही रिकामे झालेत.

सेंद्रिय प्रमाणपत्राचे नियम घालणारा २००१ चा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम निर्यात डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला. हंगामी पिकांना रासायनिकातून सेंद्रियात रूपांतराची २ वर्षं, काजू-सुपारीसारख्या बहुवर्षीयांना ३. डोंगरावरच्या काजूला कित्येकांनी कधी युरिया दाखवलेला नसतो, पण नोंदवही नसल्यानं तेही सिद्ध करता येत नाही. शेजारच्या रासायनिक शेतापासून राखीव पट्टा सोडायचा, हा नियम भरडावर, म्हणजे उंचावरच्या कोरड्या जमिनीत, ठीक. खाजनात वरच्या वाफ्यातला युरिया पाण्याबरोबर खालच्या वाफ्यात उतरतो; तिथे पट्टा सोडून काय होणार?

म्हणून २०११ ची पीजीएस, म्हणजे सहभागी हमीची, पद्धत इथे जास्त जवळची: किमान ५ शेतकऱ्यांचा गट, एकमेकांची शेतं तेच तपासतात. निर्यातीला ती चालत नाही, देशी बाजाराला पुरते. २०१५ च्या परंपरागत कृषी विकास योजनेनं २० हेक्टरचे गट आणि ३ वर्षांचं साहाय्य आणलं. चूक होते ती गट आखताना. इच्छुकांची नावं गोळा करून २० हेक्टर भरले की एकाच मानशीखालचे चार वाफे आत, दोन बाहेर राहतात, आणि त्या दोनांतलं तणनाशक चौघांची वर्षं वाया घालवतं. आधी मानस पाहावी, मग तिच्या आतली सगळी कुळं मोजावीत. त्यातही एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर कोमुनिदादचं नाव आणि कसणारा तिसराच, हे गोव्यात नेहमीचं. संमतीपत्र नोंदणीच्या आधी हातात नसेल तर पहिला हंगाम कागदातच जातो.