आपल्या कलेक्शन ॲपमधील नवे एन्क्रिप्शन : काय बदलले, कशासाठी बदलले

सोलापुरातील पतसंस्था, आडत दुकाने आणि टॉवेल-चादर कारखान्यांतील आमच्या ग्राहकांसाठी

गेल्या अपडेटनंतर आपल्याला दोन गोष्टी जाणवल्या असतील. ॲपचा आकार काही एमबीने वाढला आणि पहिल्यांदा उघडताना ‘माहिती सुरक्षित केली जात आहे’ असा संदेश येऊन थोडा वेळ थांबावे लागले. काही मॅनेजरसाहेबांनी फोन करून कारण विचारले. फोनवर आम्ही थोडक्यात सांगितले, पण प्रश्न खातेदारांच्या पैशांच्या नोंदींचा आहे, म्हणून नीट लिहून देत आहोत.

फोनमध्ये साठणारी माहिती एन्क्रिप्ट करण्याचे, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याचे काम आता ओपनएसएसएल ही ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे कोणालाही पाहता आणि वापरता येणारा तयार कोड, करते. जगभरातील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. आम्ही ती अँड्रॉइडसाठी बांधून ॲपच्या आत ठेवली आहे. तिच्या मूळ कोडमधली एक ओळही आम्ही बदललेली नाही, आणि ती का बदलली नाही हे पुढे सविस्तर सांगितले आहे.

फोनमध्ये माहिती ठेवावीच का लागते?

पिग्मी एजंट नवी पेठेत दुकानोदुकानी फिरतो, अशोक चौकातून पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जातो. कारखान्याच्या आतल्या बाजूला, तळघरातल्या गोदामात किंवा गड्डा यात्रेच्या गर्दीत रेंज मिळेलच असे नाही. पैसे घेतले की पावती तिथल्या तिथे द्यावी लागते. म्हणून नोंद आधी फोनमध्ये होते आणि रेंज आल्यावर सर्व्हरवर जाते. मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाच्या नोंदी घेणाऱ्या दिवाणजींचेही तसेच. मधल्या काही तासांत खातेदाराचे नाव, खाते क्रमांक, मोबाइल आणि शिल्लक एजंटाच्या खिशातल्या फोनमध्ये असते. तो फोन रिक्षात राहू शकतो, दुरुस्तीला जाऊ शकतो, घरातल्या मुलांच्या हाती पडू शकतो. आमचे सगळे काम या काही तासांसाठी आहे.

फोनमधलीच लायब्ररी का वापरली नाही?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी बरोबर नस पकडली. अँड्रॉइडमध्ये पूर्वी ओपनएसएसएलच होते. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून गूगलने त्याऐवजी बोरिंगएसएसएल ही आपली वेगळी शाखा आणली, आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून बाहेरच्या ॲपना फोनच्या आतल्या खासगी लायब्ररीला थेट हात लावायला बंदी केली. ती बंदी योग्यच आहे. फोन बनवणाऱ्याने आतली आवृत्ती बदलली तर त्यावर अवलंबून असलेली ॲप अचानक बंद पडत.

अँड्रॉइडने ॲपसाठी दिलेला अधिकृत मार्ग आहे, पण त्यात आमची एक अडचण होती. एजंटांच्या हातात आजही जुने, स्वस्त हँडसेट आहेत. त्यांतल्या अनेक प्रोसेसरमध्ये एईएस या पद्धतीसाठी लागणाऱ्या खास सूचना नसतात, त्यामुळे एईएस त्यांवर मंद चालते. अशा फोनसाठी चाचा२०-पॉली१३०५ ही पद्धत उत्तम आहे : २५६ बिटांची किल्ली, आणि आत बेरीज, गुणाकार, बिट फिरवणे आणि एक्सऑर (दोन बिट सारखे की वेगळे हे पाहणे) अशा साध्याच क्रिया. साध्यातला साधा प्रोसेसरही हे झपाट्याने करतो. अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गात ही पद्धत अँड्रॉइड ९ पासून आली. त्याआधीचे फोन आपल्याला आजच फेकून द्या म्हणणे आम्हाला पटेना. स्वतःची लायब्ररी ॲपमध्ये असली की जुन्या-नव्या सर्व फोनवर आणि आपल्या ऑफिसच्या संगणकावरही एकच पद्धत, एकच आवृत्ती चालते.

सर्व्हरशी होणारे बोलणे मात्र आम्ही अँड्रॉइडकडेच ठेवले आहे. सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कोणत्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा याची यादी अँड्रॉइड सांभाळते. ओपनएसएसएलला ती आपोआप मिळत नाही. ती वेगळी बाळगायची म्हणजे शिळी होण्याचा धोका पत्करायचा. म्हणून लायब्ररीचा फक्त एन्क्रिप्शनचा भाग घेतला आणि नेटवर्कचा भाग वगळला.

पोर्टिंग म्हणजे आम्ही केले काय?

सोलापूरकरांना हे सांगणे सोपे आहे. एकच डिझाइन दुसऱ्या बनावटीच्या मागावर चढवायचे तर डिझाइनला हात लावत नाहीत, मागाची जोडणी नव्याने करावी लागते. इथेही तसेच. सी भाषेतला कोड तोच. त्यातून फोनच्या प्रोसेसरला कळणारी फाइल तयार करण्यासाठी गूगलचे एनडीके हे साधन वापरावे लागते. ३२ बिटांच्या जुन्या एआरएम प्रोसेसरसाठी वेगळी फाइल, ६४ बिटांसाठी वेगळी. प्ले स्टोअरवर ऑगस्ट २०१९ पासून ६४ बिटांची फाइल देणे सक्तीचे आहे, पण जुन्या हँडसेटसाठी ३२ बिटांचीही ठेवावी लागते. आकार वाढला तो यामुळेच.

वेगासाठी लायब्ररीतले काही भाग थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले आहेत, आणि ते प्रत्येक जातीच्या प्रोसेसरसाठी निराळे आहेत. म्हणून संगणकावरच्या नकली फोनवर चाचणी करून भागत नाही. तो नकली फोन बहुधा संगणकाच्याच, म्हणजे इंटेल धाटणीच्या प्रोसेसरचा असतो. एआरएमसाठीचा भाग तिथे चालतच नाही. चाचणी पास होते आणि प्रत्यक्षात काहीच तपासले गेलेले नसते. आमच्याकडे एजंटांकडे दिसतात तसलेच जुने फोन ठेवलेले आहेत. प्रत्येक नवी आवृत्ती आधी त्यांवर चालते.

तपासायचे काय, तर ज्यांची उत्तरे जगाला आधीच माहीत आहेत अशी गणिते. ‘एबीसी’ या तीन छोट्या इंग्रजी अक्षरांचे एसएचए-२५६, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठरावीक लांबीचा ठसा, किती येते हे अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने छापून ठेवले आहे. आपल्या फोनवर त्यातला एक अंक जरी वेगळा आला तरी ती आवृत्ती बाहेर पडत नाही. चुकीचे इनपुट मुद्दाम देऊन ते नाकारले जाते का, हे पाहण्यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये खुल्या केलेल्या वायचप्रूफ प्रकल्पातल्या चाचण्याही आम्ही चालवतो. बरोबर उत्तर येणे जितके गरजेचे, तितकेच चुकीचे नाकारणेही.

हे काम एकदा करून संपत नाही. अँड्रॉइड फोन मेमरीची पाने, म्हणजे मेमरी वाटताना केलेले ठरावीक मापाचे तुकडे, आजवर ४ केबीची धरत. अँड्रॉइड १५ पासून १६ केबीची पानेही आली. नोव्हेंबर २०२५ पासून प्ले स्टोअरने अँड्रॉइड १५ साठीच्या ॲपना त्याची सक्ती केली. आमच्या कोडमध्ये काहीच बदल नव्हता, तरी लायब्ररी पुन्हा बांधून, पुन्हा तपासून द्यावी लागली.

मूळ कोड का बदलला नाही?

कारण एन्क्रिप्शनमधली चूक दिसत नाही. बिलाची बेरीज चुकली तर ग्राहक दारात येतो. एन्क्रिप्शन चुकले तर ॲप छान चालते, पावती निघते, सगळे खूश असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण लिनक्स या संगणक प्रणालीच्या डेबियन या प्रकाराचे आहे. २००६ मध्ये डेबियनसाठी ओपनएसएसएल तयार करताना, मेमरी तपासणारे साधन तक्रार करते म्हणून काही ओळी काढून टाकल्या गेल्या. हेतू चांगलाच होता. पण किल्ली बनवताना लागणारी अनिश्चितता त्याच ओळींतून येत होती. त्या गेल्यावर प्रोसेसचा, म्हणजे चालू प्रोग्रामला संगणकाने दिलेला, क्रमांक एवढीच गोष्ट बदलती राहिली, आणि तो क्रमांक जास्तीत जास्त ३२,७६८ पर्यंत जातो. म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीच्या जगात फक्त तेवढ्याच शक्यता उरल्या. साधा संगणक त्या सगळ्या करून पाहू शकतो. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. तोवर बनलेल्या किल्ल्या दिसायला लांबलचक आणि भक्कम होत्या, आणि तरी निकामी होत्या.

अँड्रॉइडवरही असेच घडले आहे. ऑगस्ट २०१३ मध्ये कळले की अँड्रॉइडचा रँडम आकडे देणारा भाग काही ॲपमध्ये नीट सुरू होत नव्हता. त्याचा फटका बिटकॉइन ठेवणाऱ्या ॲपना बसला आणि लोकांची नाणी चोरीला गेली. गणित भक्कम होते. आकडे पुरेसे रँडम नव्हते.

म्हणून फोनवर लायब्ररीला रँडम आकडे थेट अँड्रॉइडच्या कर्नलकडूनच (प्रणालीच्या गाभ्याकडूनच) मिळतात याची खात्री करणे, आणि ते मिळाले नाहीत तर ॲपने पुढे न जाता थांबणे, यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला. आपल्याला क्वचित ‘सुरक्षा तपासणी पूर्ण झाली नाही’ असा संदेश दिसला तर फोन रीस्टार्ट करा आणि तरीही आला तर आम्हाला कळवा. तो संदेश टाळून काम पुढे रेटण्याची सोय आम्ही मुद्दाम ठेवलेली नाही.

स्वतःची ‘गुप्त’ पद्धत बनवून द्या, असेही काही जण सुचवतात. आमचे त्याला स्पष्ट ‘नाही’ आहे. पद्धत शत्रूला पूर्ण ठाऊक असली तरी केवळ किल्ली गुप्त राहिल्यावर माहिती सुरक्षित राहिली पाहिजे, हे ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये मांडले आणि आजही सारे शास्त्र त्यावरच उभे आहे.

किल्ली कुठे राहते?

आपला चार आकडी पिन ही किल्ली नव्हे. चार आकड्यांच्या फक्त १०,००० जोड्या होतात. त्यावर कोणाची ठेव सोपवता येत नाही. खरी किल्ली फोनवरच रँडम तयार होते आणि अँड्रॉइड कीस्टोअर या किल्ल्या जपणाऱ्या भागातल्या दुसऱ्या किल्लीने बंद करून ठेवली जाते. बऱ्याच फोनमध्ये कीस्टोअरची किल्ली प्रोसेसरच्या राखीव भागात असते आणि तिथून बाहेर काढता येत नाही. आम्हालाही नाही. काम झाल्यावर मेमरीतली उघडी किल्ली पुसण्यासाठी लायब्ररीचेच खास फंक्शन वापरले आहे. साध्या पद्धतीने पुसले तर कंपायलर (कोडमधून प्रोसेसरची फाइल बनवणारे साधन) ‘याची गरज नाही’ असे समजून पुसण्याची ओळच उडवून टाकू शकतो.

याचा एक परिणाम आपण नीट लक्षात घ्यावा. ॲप काढून टाकले किंवा फोन फॉरमॅट मारला की किल्ली कायमची जाते. सिंक न झालेल्या, म्हणजे सर्व्हरवर न गेलेल्या नोंदी मग कोणीही परत आणू शकत नाही.

फुकट आणि उघडी, मग भरवशाची कशी?

कोड उघडा आहे म्हणून तो आपोआप सुरक्षित होतो, असे आम्ही म्हणणार नाही. ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीतून आला आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाला. दोन वर्षे तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. त्यातून समोरच्या यंत्राच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा दर वेळी बाहेर ओढता येत असे. अँड्रॉइड ४.१.१ चे फोनही त्याच्या तडाख्यात होते. पण जाहीर झाले त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही आली, आणि दोष काय होता हे कोणालाही वाचता आले. त्यानंतर या प्रकल्पाला पैसा आणि माणसेही मिळाली. बंद डब्यातल्या उत्पादनात दोष असला तर तो आपल्याला कळेलच असे नाही.

आता जबाबदारीची गोष्ट. लायब्ररी ॲपच्या आत असल्यामुळे फोनचे अपडेट आले तरी ती बदलत नाही. ती बदलणे हे आमचे काम आहे. आम्ही ३.५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती घेतली आहे. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीला एप्रिल २०३० पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. अशी दुरुस्ती आली की आम्ही ती बांधून, तपासून ॲपचे अपडेट काढतो. वार्षिक देखभाल शुल्कात हे काम धरलेले आहे; लायब्ररीसाठी वेगळे शुल्क नाही. तिचा अपाचे २.० परवाना व्यवसायात मोफत वापरू देतो. परवान्याचा मजकूर ॲपच्या ‘माहिती’ पानावर आहे.

काही संस्थांचे ऑडिटर फिप्स या अमेरिकी सरकारी एन्क्रिप्शन मानकाचे प्रमाणपत्र विचारतात. ते प्रमाणपत्र ठरावीक आवृत्ती आणि तपासलेल्या ठरावीक यंत्रणेपुरते असते. आम्ही स्वतः बांधलेल्या फाइलला ते लागू होत नाही, म्हणून आमच्या पत्रकांवर ते आम्ही छापत नाही. ऑडिटरना हवी असल्यास आवृत्ती, बांधणीचे पर्याय आणि चाचण्यांचा अहवाल देऊ.

आपल्याकडून काय हवे?

एन्क्रिप्शन बंद फोनमधली माहिती वाचवते. पिन सांगितलेला उघडा फोन किंवा व्हॉट्सॲपवर पाठवलेला खातेयादीचा फोटो ते वाचवू शकत नाही. ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच घ्या. कोणी एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय ॲप टाकायची फाइल) पाठवली, आमच्या नावाने पाठवली तरी, ती टाकू नका. अपडेट आठवड्याच्या आत करून घ्या आणि एजंटांचे राहिलेले अपडेट ऑफिसच्या स्क्रीनवर लाल दिसते ते पाहत चला.

फोन हरवला तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासात कळवा. आम्ही सर्व्हरवरून त्या फोनचा प्रवेश बंद करतो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत नोंदवावी लागते, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हरवलेल्या फोनमधली माहिती एन्क्रिप्ट होती, हे दाखवायला लागणारी नोंद आम्ही देऊ.

एजंटाचा फोन बदलायचा असेल तर क्रम असा ठेवा. जुन्या फोनवर रेंजमध्ये येऊन सिंक करा. त्या दिवसाचे कलेक्शन ऑफिसच्या लेजरशी जुळवा. मग नव्या फोनवर ॲप घेऊन एजंटाची नोंदणी करा. शिल्लक तिथे बरोबर दिसली की मगच जुन्या फोनमधले ॲप काढा.